जिने हॉल रिकामा केला

तोआकासेला हसवणं मला आयुष्यात एकदाही जमलं नाही.

तरुणपणी आमची मंडळी बोटीत पेट्या टाकून बेटोबेटी हिंडायची. नाच, गाणी आणि मधेमधे नकला. नुकुपालेला खेळ असला की सगळं बेट यायचं, कडेवरची पोरं आणि मागून येणारी डुकरं धरून. मी झिंगलेल्या खलाशाची नक्कल करायचे. एका पाळकाची तर अशी करायचे की तो पाळक स्वतःच डोळे पुसत हसायचा. आणि पहिल्या रांगेत, आमच्या रीतीप्रमाणे कमरेला चटई गुंडाळून ही बसलेली. चेहरा असा, जणू कोणीतरी हिला माझी परीक्षा घ्यायला पाठवलं आहे. एकदा खेळ संपल्यावर ती पडद्यामागे आली आणि म्हणाली, "खलाशी चांगला केलास. फक्त झिंगलेला माणूस इतका मोठ्यांदा पडत नाही. तो हळूच पडतो, म्हणजे कोणाला कळू नये." एवढं बोलून गेली. दुसऱ्या बेटावर मी हळूच पडले. लोक पूर्वीपेक्षा दुप्पट हसले.

अशी ती. लग्न केलं नाही, झाडाच्या सालीचं कापड कुटत राहिली आणि धाकट्या भावाच्या पोरांवर आत्या म्हणून राज्य केलं. आमच्याकडे आत्या म्हणजे काय असते? भाच्याच्या लग्नात सगळ्यात उंच जागी ती बसते. आलेल्या चटयांतली सगळ्यात मऊ चटई ती उचलते. तिने भाच्याचं डुक्कर मागितलं तर तो दोरी सोडून आणून देतो आणि वर हसून दाखवतो.

मग एका वर्षी समुद्रातला आगीचा डोंगर फुटला आणि पाणी नुकुपालेवरून चालत गेलं. माणसं टेकडीवर चढली म्हणून वाचली, खाली काही उरलं नाही. त्यांना बोटींनी आमच्या गावी आणलं आणि चर्चच्या हॉलमध्ये ठेवलं. हाच तो हॉल, जिथे मी निम्मं आयुष्य नाचले. मी रताळी उकडून घेऊन धक्क्यावर गेले होते. तोआकासे बोटीतून उतरली तेव्हा तिच्या हातात साल कुटायची मोगरी होती, दुसरं काही नाही.

"घर सोडून मोगरी घेऊन पळालीस?" मी विचारलं.

"हातात होती," ती म्हणाली. मग मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाली, "तू जाड झालीस."

मदतवाले चांगले होते. शहरातून आलेली तरुण पोरं, रात्रंदिवस राबत होती. त्यांनी हॉलमध्ये निळ्या ताडपत्र्या बांधून चौकोन केले, एका कुटुंबाला एक चौकोन. कोणाला वेगळं पाडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांच्या मनात आलंच नाही की नुकुपालेवर चुलत, मावस, आते, मामे धरून बहुतेक सगळे एकमेकांचे भाऊ-बहीण आहेत आणि वयात आलेले भाऊ-बहीण एका छपराखाली झोपत नाहीत. बहिणीसमोर भाऊ वावगा शब्द काढत नाही. तिच्या संसाराची, तिच्या अंगाची गोष्ट कानावर येऊ लागली तर तो उठून चालू लागतो. हा तिचा मान. बेटावर घरं लांबलांब होती, मधे नारळीची बाग होती, मान आपोआप राखला जायचा. इथे मधे एक ताडपत्री.

म्हणून मेलेनाइते ओरडायची नाही.

मेलेनाइते ही तोआकासेच्या भाच्याची, लिसिआतेची बायको, लहान पोरांची आई. लिसिआते मासेमारी करायचा. होडी गेली, जाळी गेली, दिवसभर हॉलच्या पायरीवर बसून राहायचा. हात उगारायची सवय त्याला बेटावरही होती, असं मला नंतर कळलं. पण तिथे मेलेनाइते मागच्या दाराने निघून आत्याच्या घरी जायची आणि आत्या जिथे झोपते तिथे भाचा पाऊल टाकत नाही. इथे ना मागचं दार होतं, ना आत्याचं वेगळं घर. ताडपत्रीच्या पलीकडे तिचा सख्खा थोरला भाऊ सोसाईआ आणि त्याची मुलं. तिने आवाज केला असता तर भावाच्या कानावर गेला असता, आणि ते तिला मारापेक्षा जड होतं. लिसिआतेला हे ठाऊक होतं. तो तोंड दाबायचासुद्धा नाही. गरजच नव्हती.

आणि तक्रार कोणाकडे करायची? मदतवाल्यांनी विचारलं, तुमच्यात जबाबदार माणूस कोण? सगळ्यांनी सोसाईआकडे बोट दाखवलं. तो बेटाचा गावप्रमुख, सरळ, देवभीरू माणूस. तेव्हा बायकांना काही त्रास झाला तर आधी सोसाईआला सांगायचं, असं ठरलं. मेलेनाइतेचा उजवा हात मोडला तेव्हा दवाखान्यात सोसाईआच तिला घेऊन गेला. डॉक्टरने विचारलं, काय झालं? भाऊ शेजारी उभा. ती म्हणाली, पडले. सोसाईआ भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिला.

शहरातल्या एका महिला संस्थेची एलेनोआ नावाची मुलगी गावात आली होती. तिने हॉलसमोर एक जांभळा तंबू ठोकला आणि त्यावर ठळक पाटी लावली. आत खुर्च्या, पाणी, रुमालांचा डबा. बिचारी दिवसभर एकटी बसायची. मी तिला नीरफणस भाजून नेऊन द्यायचे, तर ती मलाच विचारायची, "आजी, तुम्हाला काही बोलायचंय का?"

एके दिवशी तोआकासे तंबूसमोर येऊन उभी राहिली.

"पोरी, हे कोणासाठी?"

"बायकांसाठी, आजी. ज्यांना घरात त्रास होतो त्यांच्यासाठी."

"आणि बाहेर पाटी लावलीस?"

"सगळ्यांना कळावं म्हणून."

"कळतंय. आत कोण शिरली तेही कळेल."

एलेनोआ रागावली नाही. तोच तिचा मोठेपणा. खुर्ची सोडून बाहेर गवतावर येऊन बसली आणि म्हणाली, "मग काय करू, सांगा."

"मोगरी चालवता येते?"

"माझी आजी चालवायची."

"मी तुझ्या आजीला नाही विचारलं."

आठवड्याभरात तंबू उतरला. एलेनोआने शहरातून ब्लँकेटांऐवजी सालीचे भारे मागवले. तिच्या साहेबांना ते काय म्हणून सांगितलं, देव जाणे. चर्चच्या मागे माझ्या घराच्या अंगणात फणसाच्या झाडाखाली एक लांब ओंडका आडवा टाकला, आणि नुकुपालेच्या बायका त्याच्या दोन्ही बाजूंना बसून साल कुटू लागल्या. कुटण्याच्या जागी पुरुष फिरकत नाहीत. कोणी मनाई केलेली नाही, फिरकत नाहीत एवढंच. आणि त्या ठकठक आवाजात दोन हातांवर बोललेलं तिसऱ्या हातावर ऐकू जात नाही.

"अगं, ती साल आहे, साप नाही," कोणीतरी एलेनोआला म्हणायची.

"हिची बोटं फोनवरच चालतात."

"मग मोगरीला चार्जर लावून द्या."

एलेनोआ हसायची, तळहाताला फोड आले तरी कुटत राहायची. आणि मधूनच, मान वर न करता, बायका बोलू लागल्या. एकीने सांगितलं, हॉलमागच्या न्हाणीला कडी नाही. दुसरीने सांगितलं, तांदूळ वाटणारा एक माणूस हात लवकर सोडत नाही. न्हाणीला कडी बसली. तो माणूस वाटपावर दिसेनासा झाला. कोणी बोललं, ते कोणालाच कळलं नाही.

मेलेनाइते यायची, पण गप्प. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हाताने कुटायची. एकदा तोआकासे सरकून तिच्या शेजारी बसली. मी ओंडक्याच्या पलीकडे अगदी समोर होते, म्हणून मला ऐकू आलं.

"हे त्याने केलं," तोआकासे म्हणाली. विचारलं नाही.

मेलेनाइतेची मोगरी चालू राहिली. "हो, आत्याबाई."

"मी त्याला बोलावून झापलं होतं. माझ्या पायाशी बसून रडला होता तो."

"रडला ना. मग चौकोनात आला आणि म्हणाला, आत्याकडे चुगली करायला गेली होतीस. आणि हात पिरगळला."

तोआकासेने मोगरी खाली ठेवली. मी तिला दिवसाउजेडी कधी मोकळ्या हाताने बसलेली पाहिली नव्हती. बाकीच्या बायकांनी कुटणं थांबवलं नाही, उलट जोर वाढवला, जणू त्या दोघींभोवती आवाजाची भिंत बांधत होत्या.

"म्हणजे माझ्या मानाचीच त्याने काठी केली," तोआकासे म्हणाली. तिने ओंडक्यावरची साल बाजूला सारली. मग म्हणाली, "मी तुला माझ्याकडे घेते. आत्याचा हक्क आहे. भाच्याच्या घरातलं मला हवं ते मी नेऊ शकते."

"मी डुक्कर नाही, आत्याबाई."

मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. आतेसासूला असं कोणी बोलत नाही. पण तोआकासेने मान डोलावली, एखाद्या चुकीच्या गाठीवर बोट ठेवल्यावर विणणारी बाई डोलावते तशी.

"नाहीस. मग तुला काय हवं, ते सांग."

"मला सांगायचंय. पोलिसांना. सगळं. पण दादासमोर नाही."

एलेनोआ ओंडक्याच्या टोकाला होती. तिला जवळ बोलावलं. ती म्हणाली, बाई अधिकारी शहरातून येऊ शकते, इथे अंगणातही बसू शकते. आणि दोन्ही घरांनी समेट केला तरी कायदा थांबत नाही.

हे तोआकासेला नवीन होतं. आमच्याकडे माफी मागणारे गळ्यात इफी झाडाच्या पानांची माळ घालून येतात आणि कावा नावाच्या झुडपाचं मूळ पुढे ठेवतात; ते उचललं की माफ केलं. "गळ्यात इफीच्या पानांची माळ घालून आले, माफी मागितली, भावाने काव्याचं मूळ उचललं, की संपतं ना?"

"घरातलं संपतं. कायद्यातलं नाही. पण मेलेनाइतेने बोलायला हवं."

"भावाने मूळ उचलल्यावर ती कशी बोलेल? सगळ्यांसमोर माफ केलेलं उकरून काढते म्हणून तिच्यावरच थुंकतील."

हेच होणार होतं. दुसऱ्या बेटावरचे लिसिआतेचे मामा शनिवारी चटया, काव्याचं मूळ आणि भाजलेलं डुक्कर घेऊन येणार, असं हॉलभर झालं होतं. सोसाईआ समेटाला तयार होता. वाईट मनाने नाही. त्याच्यापुढे दुसरा रस्ताच नव्हता. बहिणीला काय झालं ते त्याला विचारता येत नव्हतं, आणि न विचारता फक्त माफ करता येतं.

त्या शनिवारी दुपारी हॉलमधल्या ताडपत्र्या गुंडाळून वर बांधल्या होत्या. गच्च गर्दी. रंगमंचाच्या खाली आमच्या गावचे पाळक बसले, त्यांच्या शेजारी सोसाईआ. त्यांच्या मागे नुकुपालेचे सगळे पुरुष, कमरेला जुन्या फाटक्या चटया. दारातून मामा आले, मधे लिसिआते, सगळ्यांच्या गळ्यात इफीच्या पानांच्या माळा, माना खाली. चटया उलगडल्या. मूळ पुढे ठेवलं. थोरल्या मामाने फार सुंदर भाषण केलं, सांगते मी तुम्हाला. आवाज कुठे उतरवायचा, कुठे थांबायचं, सगळं बरोबर. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. लिसिआते रडत होता आणि ते रडणं खोटं नव्हतं. म्हणूनच मला भीती वाटली. खऱ्या रडण्यापुढे कोण नाही म्हणणार?

तोआकासेची जागा भाच्याच्या बाजूला होती, सगळ्यांच्या पुढे. तिच्यासाठी तिथे चटई घातलेलीही होती. ती रिकामी होती. तोआकासे मागे, भिंतीला टेकून, मेलेनाइतेच्या शेजारी जमिनीवर बसली होती. लोक माना वळवून पाहत होते आणि पुन्हा फिरवत होते.

सोसाईआने मूळ उचलायला हात पुढे केला.

"सोसाईआ," तोआकासे म्हणाली. आवाज चढवला नाही. मी चाळीस वर्षं त्या हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला घसा फोडला, हिचा बसल्या जागेवरून पोचला. "थांब बाळा. आधी तुझी बहीण बोलणार आहे. तिच्या अंगाची गोष्ट आहे."

सोसाईआचा हात मुळाच्या वर तसाच राहिला. मग त्याने तो मागे घेतला, उठला, आणि कोणाकडेही न पाहता बाजूच्या दाराने बाहेर गेला.

त्याच्या मागचा चुलत भाऊ उठला. मग मावसभाऊ. मग त्याच्या मागची रांग. लिसिआतेच्या घरचे सोडले तर त्या बेटावर मेलेनाइतेचा भाऊ कोण नाही? म्हातारे, काठी टेकणारे, कडेवर पोर असलेले, सगळे एकेक करून उठले आणि खाली पाहत, अनवाणी, गेले. कोणी कुजबुजलं नाही. चटयांची सळसळ तेवढी ऐकू येत होती. मी जन्मभर हा हॉल भरण्यासाठी धडपडले. आणि तो असा रिकामा होताना पाहत राहिले. प्रत्येकजण तिचा मान राखण्यासाठी जात होता, आणि जाता जाता तिच्यासाठी जागा करून देत होता. यापेक्षा मोठं दृश्य मी कुठल्या मंचावर पाहिलेलं नाही, आणि त्यात बोलली गेली होती मोजून तीन वाक्यं.

उरले पाळक, मामा, लिसिआते आणि बायका. मूळ जमिनीवर पडलेलं. उचलणारा भाऊच नव्हता.

थोरला मामा गोंधळून म्हणाला, "ताई, हे रीतीला धरून नाही."

"कुठली रीत मोडली?" तोआकासे म्हणाली. "बहीण बोलणार असली की भावाने ऐकू नये. ते ऐकत नाहीत. तुम्ही तिचे भाऊ नाही, तुम्ही ऐका."

मेलेनाइते उभी राहिली. तोआकासेने तिला हात दिला नाही, खूण केली नाही, मांडीवर हात ठेवून वाट पाहत राहिली. मग मेलेनाइते बोलली. ती काय बोलली ते मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. एवढं सांगते, मामाने माळ काढून मांडीवर ठेवली आणि तिच्यातली पानं एकेक तोडत राहिला, आणि पाळकांनी एकदाही देवाचं नाव मधे आणलं नाही.

शेवटी ती म्हणाली, "चटया परत न्या, मामा. माफ करायचं की नाही ते मी पुढे बघेन. आज मी पोलिसांकडे जाणार आहे. एलेनोआने बाई अधिकारी चौकीत बोलावली आहे."

लिसिआतेने वर पाहिलं, तिच्याकडे नाही, मागे. "आत्या, तू कोणाची? तिची की माझी?"

"तुझी," तोआकासे म्हणाली. "तू जन्मलास तेव्हा तुला आधी मी धरलं होतं. तुझ्याबरोबर चौकीत मी येते. आत तू एकट्याने बसायचंस आणि जे केलंस ते सांगायचंस. मी बाहेर बसेन, कितीही वेळ लागू दे."

"घरचे तुला तोडतील," मामा हळूच म्हणाला. ते त्याने धमकी म्हणून म्हटलं नव्हतं, त्याला खरंच वाईट वाटत होतं. आणि तसंच झालं. लिसिआतेची आई आजही तोआकासेशी बोलत नाही. धाकट्या भाच्याच्या लग्नात उंच जागेवर दुसरीच कोणी बसली होती. तोआकासे त्या दिवशी माझ्याकडे जेवायला आली, अळूच्या पानातलं मांस दोनदा मागून घेतलं आणि मिठाला नावं ठेवली.

मेलेनाइते बाहेर पडली तेव्हा मी तिच्या मागे होते. मला वाटलं होतं, पुरुष पांगले असतील. कोणी गेलं नव्हतं. हॉलपासून रस्त्यापर्यंत, शब्द ऐकू येणार नाहीत इतक्या अंतरावर, भर उन्हात सगळे उभे होते, हॉलकडे पाठ करून. लिसिआते एकटा निसटून तिच्या आधी रस्त्यावर पोचू शकला नसता. त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं.

ती त्यांच्यामधून चालत गेली. एकाही मानेने वळून पाहिलं नाही. रस्त्याच्या कडेला एलेनोआची गाडी होती आणि तिच्याशेजारी सोसाईआ. त्याने पुढचं दार उघडलं आणि समुद्राकडे पाहत ते धरून ठेवलं. मेलेनाइते आत बसली. मोडलेल्या हाताने तिला पट्टा लावता येईना, म्हणून एलेनोआने लावून दिला. सोसाईआ तसाच समुद्राकडे पाहत म्हणाला, "पोरं माझ्याकडे जेवतील. तू सावकाश ये."

"हो, दादा," ती म्हणाली, आणि त्याने दार लावलं.